तारा झाकणारा साडभाऊ

अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांतल्या समस्त सुजाण, अर्धसुजाण आणि इतर नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आकाशातला तारा झाकून त्याच्या शेजारचा ग्रह उघडा पाडण्याचं काम परमेश्वराने या भूतलावर ज्या मोजक्या माणसांकडे सोपवलं आहे, त्यांपैकी एक जण अकोल्यात राहतो, जिनिंगमधल्या पात्यांना धार लावतो, आणि नात्याने माझा साडू लागतो.

हे निवेदन मी आजवर बारशांपासून निवृत्तिसमारंभांपर्यंत कुठे कुठे केलं, ते सांगायला बसलो तर एसटीच्या वेळापत्रकाएवढी यादी होईल. ‘नात्याने माझा साडू लागतो’ यापाशी मी मुद्दाम थांबतो, चष्मा काढतो, पुसतो. तेवढ्यात हशा येतो. मग चष्मा चढवून मी पुढचा किस्सा काढतो. आज तेच वाक्य कागदावर उतरवलं तर समोर कोणी हसलं नाही. हसू आलं नाही की त्या वाक्यातला शब्द न् शब्द खरा आहे हे दिसायला लागतं, आणि मग मला माझा चष्मा पुन्हा पुसावासा वाटतो. तेव्हा यावेळी गोष्ट जरा वेगळी सांगतो. हशाच्या जागा तशाच ठेवल्या आहेत, पण मी गाळत आलो तो भागही सांगणार आहे.

आधी माझी ओळख. मी अमरावतीच्या एका शाळेत मराठी शिकवतो, पण त्याने मला कोणी ओळखत नाही. मला ओळखतात ते माईकमुळे. गावात माझ्याशिवाय सत्कार होत नाही. सत्कारमूर्तीशिवाय एकदा झाला होता. त्यांची गाडी बडनेऱ्याला अडकली. पण लोकांना काही कमी पडलं नाही, असं नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं. साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, याच्या नेमके उलट. मी एका पाहुण्याची ओळख करून देताना जेवढे शब्द वापरतो, तेवढे त्यांना वर्षभर पुरून पोळ्याला बैलाशी बोलायलाही उरतात. उंच, वाळकी अंगकाठी, आणि शर्टाच्या खिशात कायम तीन वस्तू: बोटभर टॉर्च, एक भिंग आणि धार लावायचा दगड. त्या दगडाच्या वजनाने त्यांचे सगळे शर्ट डावीकडे ओघळलेले असतात. लग्नातल्या फोटोत नवरदेवाचा कोटसुद्धा डावीकडे ओघळला आहे. बोहल्यावर दगड कशाला, असं मी तेव्हा विचारलं होतं. ते म्हणाले, “असू द्या. कुठं लागला तं.”

साडभाऊंचं पहिलं आणि शेवटचं प्रेम म्हणजे धार. कपाशीतली सरकी निघते ती जिनातल्या पात्याच्या धारेवर, आणि अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये गेली तीस वर्षं ती धार साडभाऊ सांभाळतात. पण तेवढ्याने त्यांचं भागत नाही. आमच्याकडे आले की चपला काढायच्या आधी त्यांची नजर स्वयंपाकघराकडे जाते. पाण्याचा पेला रिकामा केला की ते फक्त दोन शब्द बोलतात: “चाकू आना.” आमची ही ते येणार असं कळलं की चाकू गव्हाच्या कोठीत लपवते. एकदा लपवायला विसरली आणि त्यांनी कोणाला न सांगता विळीला धार लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी हिने वांगं चिरायला घेतलं. वांगं चिरलं गेलेलं वांग्याला कळलं नाही आणि बोट कापलं गेलेलं हिला कळलं नाही. पुढचे चार दिवस भाजी मी केली. त्या भाजीबद्दल आमच्या घरात अजून कोणी बोलत नाही. न्हाव्याकडेही तीच गत. गळ्याशी आलेला वस्तरा त्यांनी खुर्चीतूनच मागून घेतला, त्यावर टॉर्च मारला आणि अर्धी दाढी साबणात ठेवून दगडावर घासत बसले. मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. न्हावी म्हणाला, “काका, दुकान तुमीच चालवा, मी घरी जातो.” साडभाऊंनी वस्तरा परत दिला आणि शांतपणे दुसरा मागितला.

धार पाहायची त्यांची तऱ्हाही न्यारी. आपण धारेवरून अंगठा फिरवतो. ते पातं उभं धरतात, धारेवर टॉर्च मारतात आणि बाजूने पाहतात. कुठे बारीकशी चमक दिसली की मान हलवतात. “जे धार चमकते ना भाऊ, ते बोथट असते,” ते मला म्हणाले होते. “उजेड बसाले तिथं जागा असते, म्हनून चमकते. पक्की धार दिसतच नाही.” हे वाक्य मी लगेच वहीत टिपून घेतलं आणि आठवडाभरात एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांच्या सत्कारात स्वतःचं म्हणून वापरलं. टाळ्या पडल्या. वाक्य माझ्याविषयी असू शकतं, ही शंका मला त्या टाळ्यांमध्ये आली नाही.

त्यांची दुसरी खोड अंगठ्याची. कुठेही डोळे दिपवणारा दिवा दिसला की साडभाऊ एक डोळा मिटतात, हात लांब करतात आणि अंगठ्याने तो दिवा झाकून आजूबाजूला पाहतात. अंजनगाव सुर्जीला सासरकडचं एक लग्न होतं, आम्ही मुलीकडचे. मंचावर मोठा हॅलोजन लावला होता आणि त्याच्या बरोबर खाली नवरदेवाचे काका उभे होते. साडभाऊंनी सवयीने हात लांब केला. काकांनी पाहिलं की मुलीकडचा एक माणूस डोळा मिचकावून आपल्याला ठेंगा दाखवतो आहे. ते मंचावरूनच गरजले, “ओ पाव्हने! आमाले ठेंगा दाखवून राहिले काय? वरात माघारी नेऊ काय?” मी धावलो. साडभाऊंना डोळ्याचा जुना आजार आहे, वैद्याने हा व्यायाम दिला आहे, असं तिथल्या तिथे रचून सांगितलं. काका हसले, मंडप हसला, लग्न लागलं. हा किस्सा मी निदान पन्नासदा सांगितला आहे आणि दरवेळी इथेच संपवला आहे.

पण तो इथे संपत नाही. मी लोकांच्या घोळक्यात माझी हुशारी रंगवून सांगत असताना साडभाऊंनी माझी बाही ओढली. म्हणाले, “भाऊ, त्या हॅलोजनच्या बाजूले, खांबापाशी, एक म्हातारी बसून हाय. चकाकीनं दिसत नाही कोनाले. तिले पंगतीत कोनी बोलावलं नाही वाटते.” मी “हो, पाहतो” म्हणालो आणि गोष्ट पुढे चालू ठेवली. थोड्या वेळाने पाहिलं तर साडभाऊ स्वतः ताट वाढून घेऊन खांबाकडे चालले होते. ती म्हातारी नवरदेवाची सख्खी आत्या होती. ही बाब मी पन्नास वेळा गाळली, कारण तिथे हशा येत नाही.

अशा माणसाच्या आयुष्यात आकाश शिरलं ते फोनमधून. जिनिंग बंद असलं की साडभाऊंना काम नसतं. अशाच एका पावसाळ्यात त्यांनी फोनवर एक व्हिडिओ पाहिला. दुसऱ्या ताऱ्यांभोवती ग्रह आहेत हे शास्त्रज्ञ ताऱ्याच्या डुलण्यावरून आणि मंदावण्यावरून ओळखतात. पण आपल्या पृथ्वीसारख्या एखाद्या ग्रहाचा सरळ फोटो काही अजून कोणाला काढता आलेला नाही. तारा इतका झगझगीत आणि ग्रह इतका मिणमिणता, की फरक हजार कोटी पटींचा. तेव्हा तारा झाकायचा. काही मंडळी दुर्बिणीच्या आतच एक झाकण बसवतात. साडभाऊंना ते पटत नाही. “घरात घुसू दिल्यावर मंग झाकून काय फायदा? दाराबाहेरच अडवाव ना त्याले!” दुसरी मंडळी त्यांच्या मताची निघाली. अंतराळातल्या दुर्बिणीपुढे हजारो किलोमीटरवर लग्नाच्या मांडवाएवढं एक पातळ फूल तरंगत ठेवायचं, दुर्बीण त्याच्या सावलीत राहील असं. त्या फुलाला पाकळ्या हव्यात, आणि पाकळ्यांच्या कडा इतक्या धारदार हव्यात की त्यांवर आपल्या सूर्याचा उजेड पडला तरी त्या चमकू नयेत. नाहीतर ग्रह त्या चमकीत बुडून जाईल. इथे साडभाऊंनी व्हिडिओ थांबवला आणि मला फोन केला. त्यांनी आपणहून केलेला तो पहिला फोन. म्हणाले, “भाऊ, धार तं आपन लावतो!”

फुलाला पाकळ्या कशाला, साधी ताटली का नको, हा प्रश्न आमच्या सासूबाईंना पडला. सासूबाई मूळच्या हिवरखेडच्या, शेतीत आयुष्य काढलेल्या, आता धाकट्या लेकीकडे अकोल्याला असतात. कानाने अधू आहेत, म्हणून त्यांचं कुजबुजणंही तिसऱ्या घरी ऐकू जातं. साडभाऊ त्यांना म्हणाले, “आई, वावरात पानी सोडलं का धुऱ्याच्या टोकाले वळसा घालून मागं येते का नाही? तसाच उजेड बी वळसा घालते. ताटली लावली का चारी अंगानं वळसा घालून बरोबर मधात गोळा होते. पाकळ्या केल्या का एकीचा वळसा दुसरीचा वळसा मारते, मधात अंधार राहते.” धुरा म्हणजे शेताचा बांध, सासूबाईंना तो लगेच समजला. त्यांनी विचारलं, “अन् तो ग्रह दिसला का मंग काय करसान?” साडभाऊ म्हणाले, “पाहीन.” “फक्त पाहसान?” “हो.” सासूबाई म्हणाल्या, “मंग ठीक हाय. पाहाले काय जाते.” इतका स्वच्छ विज्ञानसंवाद मी आमच्या शाळेत तरी ऐकलेला नाही.

मग साडभाऊंनी फूल घडवायला घेतलं. जिनातल्या जुन्या पात्याच्या पोलादातून तळहाताएवढं, बारा पाकळ्यांचं. त्याला तीन पावसाळे लागले. जिनच्या मालकाने कापसाच्या गाठी ठेवायची लांबलचक शेड दिली. तिच्या टिनातलं प्रत्येक भोक साडभाऊंनी डांबराने बुजवलं, फटींना काळा बारदाना लावला. एका टोकाला लहानसा पण तीव्र दिवा, तो तारा. त्याच्यापासून वीतभर अंतरावर सुईने टोचलेल्या भोकामागे एक मिणमिणता लाल दिवा, तो ग्रह. शेडच्या मध्यावर तारेला टांगलेलं फूल आणि दुसऱ्या टोकाला दुर्बीण. यातल्या प्रत्येक टप्प्याचं मी सविस्तर विडंबन केलं, त्यांच्यासमोर आणि त्यांच्यामागे. ते हसायचे. ते मला हसतात की माझ्यासाठी हसतात, हे मी कधी तपासलं नाही.

मधल्या काळात त्यांनी परदेशातल्या प्रयोगशाळांना पत्रं लिहिली. मराठीत, हाताने, फोनवर फोटो काढून ईमेलने. विषय: ‘धारेबाबत’. दोन वर्षं कोणी उत्तर दिलं नाही. मग एक उत्तर आलं, तेही मराठीत. विदर्भातलीच एक बाई तिकडे अशाच फुलांच्या कडा तपासायचं काम करत होती. पत्रापत्री झाली. शेवटी त्या मॅडमनी लिहिलं की श्रावणात नागपूरला भावाकडे येते आहे, वाटेत दोन तास अकोल्याला उतरेन. चाचणीच्या एका मोठ्या पाकळीची कड हाताने घासून पुरी करायला त्यांना सहा महिन्यांसाठी माणूस हवा होता. साडभाऊंचं नाव पुढे करायची त्यांची तयारी होती. अट एकच: फुलाने तारा विझतो आणि शेजारचा ठिपका दिसतो, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

साडभाऊंनी मला फोन केला. तो दुसरा आणि शेवटचा. म्हणाले, “भाऊ, दोन शब्द बोलसान काय? डोळ्याले अंधाराची सवय व्हाले वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ लोकाईले अंधारात भेव वाटू नये म्हनून म्हनतो. लोक म्हंजे तरी कोन, आई, घरचे अन् जिनातले दोघं-तिघं गडी.” मग म्हणाले, “पासपोर्ट काढला मी. घरात बोललो नाही अजून. झालं तं सांगू.”

वाचकहो, ‘दोन शब्द’ हा शब्दप्रयोग माणसाने माझ्यासमोर कधी करू नये. मी कार्यक्रम ठरवला. फलक लिहवून घेतला. साठ खुर्च्या सांगितल्या आणि त्यांवर बसायला साठ माणसं गोळा केली. शाल, श्रीफळ, माईक. माझ्यावर प्रकाशझोत असावा म्हणून एक वेगळा दिवा. आणि आमच्या घरची पितळी समई, बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत रेल्वेत मांडीवर घेऊन आलो. ती पाहून साडभाऊंनी हळूच विचारलं, “समई काहून?” मी म्हणालो, “अहो, दीपप्रज्वलनाशिवाय कार्यक्रम होतो का?” आणि एका गड्याला बजावलं, “तेल काठोकाठ घाल. मध्येच विझली तर अपशकुन होतो.”

मॅडम सकाळी दहाला आल्या. साडेअकराला त्यांना स्टेशनकडे निघायचं होतं. सासूबाईंच्या आणि त्यांच्या हातून समई लावली, पाचही वाती. शाल झाली. मग मी माईक हातात घेतला. विळी सांगितली, वस्तरा सांगितला, ठेंगा सांगितला. ठेंग्याला शेड दणाणली. समोर खांबापाशी उभे असलेले साडभाऊ मला दोन बोटं दाखवत होते. मी ती विजयाची खूण धरली आणि त्यांच्यासाठी टाळ्या मागितल्या. ते दोन शब्दांची आठवण देत होते. हशा चढत गेला की मला थांबता येत नाही. शेवटी मोठा हशा हवा होता आणि तो हाताशी तयार होता. मी म्हणालो, “आणि मंडळी, साडभाऊंनी पासपोर्टही काढला आहे! आता तिकडचे सगळे वस्तरे वऱ्हाडी होणार!” लोक खळखळून हसले. पहिल्या रांगेत बसलेली माझी मेहुणी, म्हणजे साडभाऊंची बायको, हसली नाही. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. साडभाऊंनी मान खाली घातली आणि शर्टाच्या खिशातला दगड उगाच चाचपला.

मी बसलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. दिवे बंद केले. माझ्यावरचा झोतही गेला. आणि त्या तीनशे फुटी, डांबराने बुजवलेल्या, बारदान्याने मढवलेल्या शेडमध्ये आमच्या घरची समई पाच वातींनी लखलखत उभी राहिली.

साठ माणसं तिच्याकडे पाहत राहिली. साडभाऊ म्हणाले, “कोनी ते शांत करा.” कोणी उठेना. लावलेला दिवा फुंकणार कोण? ज्या गड्याने तेल ओतलं होतं तो दोन पावलं मागे सरला. मॅडम मघाशी स्वतःच्या हाताने वात लावून बसल्या होत्या. त्या सासूबाईंकडे पाहू लागल्या. सासूबाईंनी समईला हात जोडले होते. आणि मी, ज्या घरातून तो दिवा आला त्या घरचा कर्ता पुरुष, मीही फुंकर मारली नाही. एवढी एक फुंकर मारली असती तर, असं मी किती वेळा मनात म्हणालो आहे, ते त्या समईलाच ठाऊक. साडभाऊंनी धावत जाऊन टिनाचा एक पत्रा वाकवून समईभोवती उभा केला. उजेड वर गेला, छताच्या टिनावर आपटला आणि चांदणं पसरावं तसा शेडभर पसरला. लोक चुळबुळू लागले. ते बिथरू नयेत म्हणून मी पुन्हा माईक घेतला आणि आणखी एक विनोद सुरू केला.

त्या वेळी पहिल्या रांगेतून सासूबाई एक वाक्य बोलल्या. लेकीच्या कानात बोलायला गेल्या, पण ते सगळ्या शेडने ऐकलं. त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा त्या वाक्याला आला. मी तो माझ्या विनोदाला आल्यासारखा वाकून स्वीकारला. ते वाक्य आत्ता सांगत नाही. शेवटी धीर झाला तर सांगेन.

मॅडम दुर्बिणीपाशी आल्या. साडभाऊंनी दोरी ओढून फूल ताऱ्यापुढे आणलं. बाई बराच वेळ वाकून राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “नीट काही दिसत नाहीये हो.” साडभाऊ म्हणाले, “हो.” बाहेर गाडी वाजली. साडभाऊंनी कागदात गुंडाळलेली एक पट्टी त्यांच्या हातात दिली, धारेचा नमुना म्हणून, आणि त्या गेल्या. लोक गेले, खुर्च्या गेल्या. साडभाऊ समईपाशी बसून राहिले. तेल काठोकाठ होतं. ती दोन वाजेपर्यंत जळली. आपली आपण शांत झाली तेव्हा त्यांनी ती पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, “भाऊ, तुमची समई.” बस, एवढंच. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचाही किस्सा केला असता. म्हणूनच बहुधा दिल्या नाहीत. परतीच्या गाडीत मी मूर्तिजापूर येईपर्यंत एक शब्द बोललो नाही. हिने घाबरून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

पुढे मॅडमचं पत्र आलं. पट्टी तपासली, धार फार चांगली आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. ठिपका डोळ्यांनी पाहिला असता तर नाव पुढे करता आलं असतं. आता दुसरा माणूस घेतला आहे, पुन्हा संधी आली तर कळवेन. हे मला मेहुणीने फोनवर वाचून दाखवलं. मी अकोल्याला जायचं टाळू लागलो. मग एके दिवशी दाराची कडी वाजली. साडभाऊ. पाणी प्यायले आणि म्हणाले, “चाकू आना.” हिने यावेळी लपवले नव्हते. मी माफीचं बोलायला सुरुवात केली. तयारी केली होती, तीन परिच्छेद होते, एक उपमाही होती. त्यांनी पहिल्या परिच्छेदातच चाकू टॉर्चखाली धरला आणि म्हणाले, “येजा एखादवेळी. जिन सुरू व्हाले वेळ हाय अजून. एकटेच या.”

गेलो. समई नाही, माईक नाही. साडभाऊंनी शेडचं दार लावलं आणि म्हणाले, “वीस मिनिटं.” मी आयुष्यात इतका वेळ जागेपणी गप्प बसलेलो नव्हतो. पहिली पाच मिनिटं मनातल्या मनात बोलत होतो. मग तेही संपलं. टिनावर कुठेतरी कबुतर चालत होतं, सरकीचा वास येत होता, शेजारी साडभाऊ श्वास घेत होते. एवढी वर्षं त्यांच्या शेजारी बसलो, पण त्यांचा श्वास पहिल्यांदाच ऐकला. मग त्यांनी मला दुर्बिणीपाशी नेलं. आधी नुसता तारा, डोळा फोडणारा. त्यांनी दोरी ओढली. फूल सरकत आलं आणि तारा गेला. वीतभर बाजूला काळोखात एक लाल ठिपका होता, टाचणीच्या टोकाएवढा, अगदी स्थिर. मी श्रावणात तिथे पाऊण तास बोलत होतो, तेव्हाही तो तिथेच होता.

“दिसला?” साडभाऊंनी विचारलं.

“हो.”

“बस.”

पासपोर्ट आता त्यांच्या कपाटात आहे. मेहुणीने त्याला प्लास्टिकचं वेष्टन घातलं आहे. साडभाऊ दुसरं फूल घडवताहेत. पहिल्याची एक पाकळी किंचित चमकते, म्हणतात. मला ती चमक दिसत नाही. मी अजून सत्कारांना जातो, पण साडूचं निवेदन बंद केलं आहे. लोक आग्रह करतात, तेव्हा मी अंजनगावच्या त्या आत्याबाईंची गोष्ट सांगतो. तिला हशा येत नाही. कधी कधी कोणी मागे वळून खांबाकडे पाहतं.

आता ते वाक्य. त्या दिवशी शेडमध्ये समईच्या उजेडात मी माईक हातात घेतला तेव्हा आमच्या सासूबाई लेकीच्या कानाशी वाकून, आपण कुजबुजतो आहोत अशा समजुतीत, साठ माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या होत्या,

“त्याईनं ते फूल दिव्यापुढं कायले टांगलं वं बाई? मोठ्या जवायाच्या तोंडापुढं टांगाले पायजे होतं!”